गणपती दूध प्यायला त्या दिवशी मीही लायनीत होतो

२१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. आठवतंय का कुणाला? गणपतीची मूर्ती दूध पिते अशी हूल उठली होती. मी नववीत होतो. शाळा सुटली तर देवळाबाहेर ही भली मोठी लाईन, कुणाच्या हातात वाटी, कुणाच्या तांब्या, एक काका तर अख्खी पिशवीच घेऊन. आईने स्टीलचा चमचा हातात दिला, म्हणाली पळ, नंबर लाव.

नंबर आला. चमचा सोंडेला टेकवून जरासा तिरका केला आणि दूध खरंच कमी व्हायला लागलं की! मागून सगळे "पितोय, पितोय". मला मात्र सोंडेखालून पोटावरून उतरणारा पातळ ओघळ दिसत होता, खाली नुसता चिकचिकाट, गुरुजी स्वतः धोतर सावरून पाय टाकत होते. आणि मी काय ओरडलो? "पितोय!" घरी येऊन आईलाही तेच सांगितलं.

नंतर शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवलं, पृष्ठताण वगैरे, ते पटलं. पण ते दुधाचं झालं, माझं काय? मी दिसत असून खोटं का बोललो?

याचं उत्तर कॉलेजात सायकॉलॉजीच्या पेपरला मिळालं. सॉलोमन अ‍ॅश, अमेरिकेतला मानसशास्त्रज्ञ, १९५१ च्या आसपासचा त्याचा प्रयोग. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन, त्यातली सारखी कुठली ते सांगायचं. शेंबडं पोरही सांगेल. पण खरी परीक्षा एकाचीच, खोलीतले बाकी सगळे अ‍ॅशने पढवलेले, ठरवून चुकीचं बोलणारे. अशी परीक्षा झालेल्या दर चारातल्या तिघांनी निदान एकदा तरी त्यांच्या सुरात सूर मिसळला. नंतर विचारलं तर काही म्हणाले, वाटलं आपलेच डोळे गंडलेत, काही म्हणाले, कळत होतं हो, पण उगाच वेगळं कशाला पडा. मी हा दुसरा.

गंमत म्हणजे हा अ‍ॅश वॉर्साचा ज्यू. लहानपणी वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री एलीया संदेष्ट्यासाठी वाइनचा पेला भरून ठेवलेला, काका म्हणाले नीट बघ, तो घोट घेतो, आणि सात वर्षांच्या पोराला वाइन किंचित खाली गेलेली दिसली सुद्धा! म्हणजे त्याचाही एक गणपती होताच.

म्हणून "लोक येडेच असतात" म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. भीती मूर्खपणाची नसते, एकटं पडायची असते. इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्येच लिहून ठेवलंय की सरकारपेक्षा समाजाचा जाच वाईट, तो थेट मनात शिरतो. आपल्याकडे मिल वाचलेल्या आगरकरांची तर पुण्यात जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, अजून काय पुरावा पाहिजे.

पण अ‍ॅशचा खरा भारी भाग पुढेच आहे आणि तोच लोक सांगत नाहीत. खोलीत फक्त एक जण वेगळं बोलला ना, की चुकीच्या सुरात सूर मिसळणं एकदम खाली येतं. तो एक जण बरोबर असायची पण गरज नाही, नुसता वेगळा पाहिजे!

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीची मीटिंग होती. वॉचमनचा पगार कापायचा ठराव, सगळ्यांचे हात वर, माझाही. हो, माझाही, एवढं सगळं माहीत असून. लिफ्टमध्ये आम्ही चौघं होतो. तिसऱ्या मजल्यापर्यंत कुणी बोललं नाही, मग एक काकू म्हणाल्या, "मला नव्हतं हो पटलं." लगेच बाकीचे दोघं म्हणाले, "आम्हाला तरी कुठे."