किल्ली सुरक्षित, पण घरचा पत्ता?

हार्डवेअर वॉलेट, म्हणजे क्रिप्टो चलनाची किल्ली जपणारे छोटे उपकरण, घेतले की क्रिप्टोची काळजी मिटली, हे या वॉलेटवरील लेखातील विधान मला अर्धेच पटते. खासगी किल्ली, म्हणजे नाणी खर्च करण्याचा अधिकार देणारा गुप्त संकेत, उपकरणाबाहेर जात नाही आणि व्यवहारावरची स्वाक्षरी आतच होते, हे खरे. परंतु ते उपकरण मागवताना आपण आपले नाव, पत्ता आणि फोन क्रमांक विक्रेत्याकडे नोंदवलेला असतो. २०२० मध्ये लेजर या हार्डवेअर वॉलेट बनवणाऱ्या फ्रेंच कंपनीच्या विक्री व जाहिरातविषयक माहितीसाठ्यातून सुमारे १० लाख ईमेल पत्ते चोरीला गेले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सुमारे २,७२,००० ग्राहकांची नावे, घरचे पत्ते व फोन क्रमांक उघड्यावर आले. त्या चोरीत एकाही उपकरणातील किल्ली फुटली नव्हती. तरीही ग्राहकांना कंपनीच्या नावाने बनावट ईमेल येत राहिले, काहींच्या घरी तर टपालाने बनावट उपकरणेही पोहोचली, आणि या साऱ्याचा रोख एकच होता: माणसाने आपले २४ शब्द, म्हणजे ज्यांवरून खासगी किल्ली पुन्हा तयार करता येते ते गुप्त शब्द, स्वतःच्या हाताने टाइप करावेत. ते शब्द ज्याच्या हाती, नाणी त्याची. खाते गोठवायला तिथे बँक नसते.

शिवाय बिटकॉइनची वही, म्हणजे सर्व व्यवहारांची नोंद, सर्वांना खुली असल्यामुळे एखादा बिटकॉइन पत्ता (नाणी स्वीकारण्यासाठीचा खाते क्रमांकासारखा संकेत) एकदा आपल्या नावाशी जोडला गेला, की त्यावरची शिल्लक आणि मागचे व्यवहार कोणालाही पाहता येतात. प्रत्येक वेळी पैसे स्वीकारताना नवा पत्ता वापरण्याची सोय बहुतेक वॉलेटमध्ये असते. तिचा उल्लेख लेखात यायला हवा होता, असे मला मनापासून वाटते.