लग्न झालं म्हणून विमा तुटत नाही

"मूल कमवायला लागलं किंवा त्याचं लग्न झालं, की आई-वडिलांच्या आरोग्य विम्यातून नाव काढावंच लागतं," असा मेसेज अमेरिकेतल्या मराठी मंडळींत फिरतोय. हे चूक आहे. 2010 च्या अफोर्डेबल केअर अ‍ॅक्टनुसार, जो प्लॅन मुलांना सामावून घेतो त्याला ती 26 वर्षांची होईपर्यंत ठेवावंच लागतं. शिक्षण, पगार, पत्ता, कुणाचाच संबंध नाही. लग्न झालेली मुलगीही राहू शकते. जावयाला घेण्याची सक्ती मात्र प्लॅनवर नाही.

खरी गफलत होते ती शेवटच्या तारखेत. समजा, मुलाला 9 मार्चला 26 पूर्ण झाली. विमा मार्केटप्लेसवरून, म्हणजे आरोग्य विमा विकत घ्यायच्या सरकारी वेबसाइटवरून, घेतलेला असेल तर तो 31 डिसेंबरपर्यंत चालतो. आई-वडिलांच्या नोकरीतून मिळालेला असेल तर बरेचदा 31 मार्चलाच संपतो, काही ठिकाणी वाढदिवशीच! म्हणून कंपनीच्या एचआरला आधीच विचारा. त्यानंतर मार्केटप्लेसवर नवा प्लॅन घ्यायला 60 दिवस मिळतात, मुलगा नोकरी करतो त्या कंपनीच्या विम्यात शिरायला मात्र कायद्याने किमान 30च. कोब्राखाली, म्हणजे नोकरीतून मिळालेला विमा संपल्यावरही तो चालू ठेवू देणाऱ्या कायद्याखाली, जुनाच विमा 36 महिन्यांपर्यंत चालवता येतो, पण हप्ता सगळा आपल्या खिशातून.