प्रोबेशन म्हणजे माफी नव्हे, आणि रोजची हजेरी म्हणजे सुधारणा नव्हे

नागपुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. त्याचा आशय असा: कायद्याने पहिला गुन्हा माफ केलाय, पोरं प्रोबेशनवर (म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटून) घरी जाऊन सोकावतात. एकदा जेलची हवा खाऊ द्या, सरळ होतील. आणि सोडायचंच असेल तर रोज ठाण्यात हजेरी लावा. दाखल्याला खाली अक्कू यादवचं नाव.

दाखलाच आधी घेऊ. 13 ऑगस्ट 2004 रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात जमावाने मारलेला गुंड अक्कू यादव वारंवार जामिनावर सुटत होता. जामीन निकालाआधी मिळतो, प्रोबेशन दोष सिद्ध झाल्यावर. त्याच्या नावाने प्रोबेशनला झोडपणं म्हणजे एकाचा राग दुसऱ्यावर.

माफीचं म्हणाल, तर 1958 च्या प्रोबेशन कायद्यातलं कलम 4 वाचा. चांगल्या वर्तणुकीचा बाँड तीन वर्षांपर्यंतचा असतो आणि त्या मुदतीत बोलावलं की येऊन शिक्षा घ्यायची असते. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे कलम लागूच नाही. हो, अट पहिल्यांदा मोडली तर कलम 9 खाली न्यायालय 50 रुपयांपर्यंत दंड लावून बाँड चालू ठेवू शकतं. या आकड्याला हसायचं तर खुशाल हसा. तो 1958 चाच आहे. पण त्याच कलमाखाली मूळ गुन्ह्याची शिक्षाही देता येते, ते मजकुरात नाही.

जेलच्या हवेने माणूस सरळ होतो का? 2021 मध्ये 116 अभ्यास एकत्र तपासले गेले. तुरुंगाबाहेरच्या शिक्षेच्या तुलनेत तुरुंगाने पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण घटलं नाही, उलट किंचित वाढलेलं दिसलं.

आता रोजच्या हजेरीचा मुद्दा. खरी गफलत इथे आहे, कारण तो शहाणपणाचा वाटतो. अमेरिकेत प्रोबेशनवरच्यांवर अशाच कडक देखरेखीचा प्रयोग 14 ठिकाणी करून झाला. निष्कर्ष 1993 मध्ये आले. भेटी वाढवल्या, लघवीच्या तपासण्या वाढवल्या. नव्या अटका कमी झाल्या नाहीत. अटी मोडल्याच्या नोंदी मात्र वाढल्या आणि त्यापायी माणसं तुरुंगात गेली. जास्त नजर ठेवली की जास्त चुका सापडतात, एवढंच. जिथे देखरेखीसोबत व्यसनावर उपचार आणि कामधंदा होता, तिथे पुन्हा अटक होण्याचं प्रमाण 10 ते 20 टक्क्यांनी कमी दिसलं. ओहायोतला 2002 चा अभ्यास आणखी बोचरा: कमी धोक्याच्या लोकांना कडक कार्यक्रमात टाकलं, तर ते बिघडतात. धडपणे नोकरी करणाऱ्याची नोकरी सुटते आणि तो सराईतांच्या संगतीत बसतो.

कळमन्याच्या मार्केटात पहाटे गाडी उतरवणाऱ्या पोराचं बघा. ठाण्यातली सकाळची हजेरी गाठायची तर त्याची रोजी बुडते. आठ दिवस बुडाली की ठेकेदार दुसऱ्याला उभा करतो. मग हा बिनकामाचा कुठे बसणार, ते वस्तीत कोणालाही विचारा. कायद्याला राहण्याच्या जागेची, नशा न करण्याची अट घालता येते. पण न्यायालयाने ती माणूस पाहून घालायची आहे, आणि त्यासाठीच परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याचा अहवाल असतो. महाराष्ट्रात हा अधिकारी पोलीस खात्याचा नव्हे, महिला व बालविकास विभागाचा. कायद्यानुसार गरज पडल्यास काम मिळवून द्यायला मदत करणं हेही त्याचंच काम. त्या मजकुरातला संताप खरा असेल, तर मागणी हजेरीच्या वहीची न करता या अधिकाऱ्यांच्या रिकाम्या खुर्च्या भरण्याची करा.