एक एस कमी, पानात वाळवंट
सोसायटीच्या ग्रुपवर गणपतीच्या जेवणाचा मेनू आला, शेवटी इंग्रजीत डेझर्ट, तेही स्पेलिंगमध्ये एकाच एसचं! म्हणजे मसालेभातानंतर पानात वाळवंट वाढणार का? अरे हे इंदूर आहे, इथे सराफ्याच्या खाऊगल्लीत मध्यरात्रीही रबडी मिळते, आणि तुम्हाला एक एस जास्तीचा घालवत नाही? कोपऱ्यावरच्या दुकानाची पाटी तर बघवत नाही, स्टेशनरीत ए, म्हणजे जागची न हलणारी, अरे वह्या-पेनांची ई वाली, पेपरमधला ई आठवा ना! मॅच हरली की लूझला दोन ओ, म्हणजे टीम ढिली झाली (तेही खरंच म्हणा). स्पेलचेक तरी काय करणार, दोन्ही शब्द डिक्शनरीत आहेत, लाल रेघ कशाला येईल? आणि सांगायला जावं तर उत्तर ठरलेलं, "काकू, समजलं ना, मग झालं!"