आधी बाकडं बघावं, मग बर्फ

न्यूयॉर्कात थंडी पडली की 'या रविवारी पोरांना स्केटिंगला नेऊ' हे वाक्य दर मराठी घरात एकदा तरी ऐकू येतं. बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रॉकफेलर सेंटर असतं. वर प्रॉमिथियसचा सोनेरी पुतळा, मागे दिव्यांनी लगडलेलं झाड आणि खाली हसत घसरणारी आपली गुणी बाळं. फोटोत रिंकचं, म्हणजे घसरायच्या बर्फाच्या मैदानाचं, माप दिसत नाही, म्हणून ते मी सांगतो. १९३६ च्या नाताळात सुरू झालेली ही रिंक १२२ फूट लांब आणि ५९ फूट रुंद आहे. आइस हॉकीची पुरी रिंक २०० बाय ८५ ची असते, म्हणजे ही क्षेत्रफळाने तिच्या निम्मीही भरत नाही. डिसेंबरात इथे स्केटिंग नसतं, प्रदक्षिणा असते, आणि तीही देवळाच्या उलट. बहुतेक रिंकवर घड्याळाच्या काट्यांविरुद्धच फिरायचं असतं. त्यात वरच्या कठड्याला टेकून देशोदेशीचे पर्यटक मोबाइल रोखून उभे. इथे जो पडतो तो आंतरराष्ट्रीय पातळीवर पडतो. हौस म्हणून एकदा जावं, पण मुलांना शिकवायला नेऊ नये.

मग कोणीतरी सांगतं, 'ब्रायंट पार्क फुकट आहे.' फुकट म्हटल्यावर आपण विरघळतो, बर्फाच्या आधीच. खरं आहे, तिथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत आणि रिंकही चांगली १७,००० चौरस फुटांची, म्हणजे हॉकीच्या मापाची आहे. मेख स्केट्समध्ये, म्हणजे पात्यांच्या बुटांत, आहे. स्वतःचे असतील तर फुकट, नसतील तर भाड्याने घ्या, आणि ते भाडं सुट्टीच्या दिवसांत पोरांच्या उत्साहासारखं चढतं. चौघांचं भाडं भरल्यावर फुकटपणा कुठे गेला ते शोधत बसावं लागतं. मोठ्या माणसांचे पाय वाढायचे थांबलेले असतात, तेव्हा हिवाळ्यात चार-पाचदा जाणार असाल तर त्यांनी स्वतःचे जुने-वापरलेले स्केट्स घेऊन टाकावेत. पोरांसाठी मात्र भाड्याचेच बरे. त्यांचं पाऊल मार्चमध्ये गेलं की नोव्हेंबरात निराळ्या मापाचं होऊन येतं. वेळ आधी नोंदवावी लागते. जानेवारीतली, शाळा सुरू झाल्यानंतरची आडवारची सकाळ मिळाली तर सोडू नका.

माझं मत विचाराल तर ब्रुकलिनचं प्रॉस्पेक्ट पार्क. तिथलं लेफ्रॅक सेंटर २०१३ च्या डिसेंबरात उघडलं. शेजारीशेजारी दोन रिंक आहेत आणि त्यातल्या एकीवर छप्पर आहे. छपराचं कौतुक कशाला, असं वाटेल. पण बर्फाचा थर असतो जेमतेम इंच-दीड इंच. खाली काँक्रीटमध्ये पुरलेल्या नळ्यांतून गोठणबिंदूखालचं द्रव खेळवलेलं असतं, त्यामुळे हवा कडाक्याची नसली तरी चालतं. चालत नाही ते ऊन आणि पाऊस. नोव्हेंबरात एखाद्या उबदार दुपारी उघड्या रिंकवर पाण्याचा पातळ पापुद्रा धरतो. त्यावर पडलेलं मूल उठतं तेव्हा ते रडतंय की ठिबकतंय ते कळत नाही. मुलामागे बदलायला एक कोरडी पॅन्ट आणि मोज्यांचे दोन जोड जवळ ठेवा.

क्वीन्सवाल्यांना फ्लशिंग मेडोजमधली वर्ल्ड आइस अरीना जवळची. बंदिस्त, बाराही महिने चालू, आणि जॅक्सन हाइट्सच्या डोशाला नेणाऱ्या त्याच ७ नंबरच्या सबवे गाडीच्या वाटेवर. पण बंदिस्त रिंकची एक खोड असते. दरवाजावर लिहिलेली वेळ ही दरवाजाची वेळ, बर्फाची नव्हे. बर्फावर सकाळी हॉकी, दुपारी क्लास, संध्याकाळी कोणाचा तरी वाढदिवस. आम जनतेच्या वाट्याला दोन-तीन तास येतात आणि ते रोज बदलतात. त्या दिवसाचं 'पब्लिक सेशन' बघूनच घरातून निघा, नाहीतर काचेतून दुसऱ्यांची पोरं बघून परत यावं लागतं. जाता जाता, याच बागेतल्या ज्या इमारतीत आज क्वीन्स म्युझियम आहे, तिथे १९४६ ते १९५० या काळात संयुक्त राष्ट्रांची आमसभा भरायची, आणि तिच्या आधी नि नंतर त्याच इमारतीत स्केटिंग चालायचं. घसरणारे तेवढे बदलले.

सेंट्रल पार्कात आता दोन ठिकाणं. दक्षिणेला जुनी वोलमन रिंक, आणि उत्तरेला हार्लेम मीर तळ्याजवळ लास्कर रिंक पाडून २०२५ मध्ये उघडलेलं डेव्हिस सेंटर, जिथे उन्हाळ्यात पोहतात आणि हिवाळ्यात त्याच जागी घसरतात.

आता मुद्द्याचं. रिंक बर्फावरून ओळखायची नसते, बाकड्यावरून ओळखायची. चौघांच्या कुटुंबाला स्केट्स चढवायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, त्यातली बारा आईबाबा वाकलेले असतात. बाकडी पुरेशी आहेत का, बाकड्यापासून फाटकापर्यंत रबराची चटई आहे का (फरशीवर चाललं की पात्याची धार गेली), आणि स्वच्छतागृहापर्यंत तीच चटई जाते का, हे तीन प्रश्न. तिसरा सर्वात महत्त्वाचा, कारण मुलाला शू होते ती शूज आवळून झाल्यावरच.

आवळण्याचंही शास्त्र आहे. बोटांपाशी सैल, पायाच्या वळणावर आणि घोट्यापाशी घट्ट, सर्वात वर एक बोट जाईल इतकं मोकळं. मोजा एकच आणि पातळ. आजीने विणलेले लोकरीचे दोन जोड घातले की पाऊल आत डुलतं, घोटा आतल्या बाजूला पडतो आणि खापर बर्फावर फुटतं. भाड्याचा जोड हातात आला की पात्याच्या कडेवरून नख आडवं ओढून बघा. नखाची बारीक भुकटी निघाली तर धार आहे. नख नुसतं घसरलं तर तुम्हीही घसराल, नको त्या दिशेला. जोड बदलून मागा, लाजू नका. पात्याच्या पुढच्या टोकाला दाते असले तर मुलाला सांगून ठेवा की थांबण्यासाठी ते टेकवायचे नाहीत, टेकवले की तोंडावरच जाणार.

वेळ निवडताना 'झँबोनी'चा हिशेब धरा. फ्रँक झँबोनी यांनी १९४९ मध्ये काढलेलं हे यंत्र म्हणजे बर्फाचं सारवण. पातं वरचा खरबरीत थर तासतं, मागून पाणी कचरा धुऊन काढतं आणि शेवटी गरम पाण्याचा हात फिरतो. गरम का? गरम पाणी चरे थोडे वितळवून त्यांच्यात मुरतं आणि त्यात हवा कमी असल्याने बर्फ घट्ट धरतो. या कामात दहा-पंधरा मिनिटं जातात आणि तेवढा वेळ सगळे बाहेर. सारवणाआधी अर्धा तास आत गेलात तर चऱ्यांवर ठेचकाळाल. सारवणानंतर लगेच गेलात तर ताजा बर्फ मिळेल.

पेंग्विनच्या आकाराचे टेकू भाड्याने मिळतात. ते संपतात, म्हणून आधी ते पकडा, मग स्केट्सच्या रांगेत लागा. अर्ध्या तासानंतर मात्र काढून घ्या, नाहीतर मूल पेंग्विन ढकलायला शिकतं. डोक्याला सायकलचं हेल्मेट, गुडघे वाकवलेले, नजर समोर. हातमोजे थंडीसाठी कमी आणि मागून येणाऱ्या पात्यासाठी जास्त. पडल्यावर मुठी मिटायच्या, रांगत एक पाय पुढे घेऊन उठायचं. नवशिक्या बाबांनी नवशिक्या मुलाचा हात धरू नये. त्याने आधार मिळत नाही, जोडी मिळते.

आजी-आजोबांना न्यायचं तर आधी विचारून घ्या, काही रिंकवर नुसतं बघायचंही तिकीट असतं. ते बाकडं धरून ठेवतात, त्यामुळे पैसे वसूल. लॉकरसाठी कुलूप घरून न्या, किल्लीचं नको, कारण पडताना किल्ली मांडीत रुतते. आकड्यांचं घ्या आणि आकडा आजीलाही सांगून ठेवा. तासभर आपटून बाहेर आलेल्या माणसाला तो आठवेलच असं नाही.