जिभाऊंचं डोकं फिरलेलं नाही

गेल्या दिवाळीत चोपड्याला गेलो, तेव्हा ओट्यावर एकच विषय होता. पोरं परदेशात जातात, मागे म्हातारी माणसं एकटी पडतात आणि मग त्यांची डोकी बिघडतात. नजरा माझ्याकडे, बोलणं माझ्या चुलत्यांबद्दल, जिभाऊंबद्दल. मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो, हा ठपका जुना आहे आणि तो अगदीच खोटा आहे असं मी म्हणणार नाही. पण जिभाऊंचं घर नऊ माणसांचं, वय ५८. एकटेपणा कुठला आणि म्हातारपण तरी कुठलं?

सख्खी बहीण गेली, लोक दारावर आलेले, आणि जिभाऊंनी मोठ्याने विचारलं, "जिलबी कधी येणार?" कोणीतरी पुटपुटलं, "तेन्हं डोकं फिरी गयं." त्याआधी वर्षभर ते पेढ्यांचा पुडा एका बैठकीत संपवत होते. मजुराला चहा पाजल्याशिवाय पैसे न मोजणारा माणूस त्यालाच चारचौघांत घाण बोलत होता. डॉक्टरांनी तारीख, वार, पंतप्रधान विचारले. सगळं बरोबर. वीस वर्षांपूर्वीचा केळीचा भावसुद्धा पाठ. "स्मरणशक्ती उत्तम आहे," म्हणून घरी पाठवलं.

चूक इथेच होते. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया या आजारात मेंदूचा कपाळामागचा आणि कानशिलांजवळचा भाग झिजतो. हा आजार बहुतेकदा ४५ ते ६५ या वयात सुरू होतो. सुरुवातीला आठवण शाबूत असते. जाते ती लाज, माया, आवर, स्वतःहून काही करायची उमेद. काहींचे आधी शब्दच हरवतात. हॉलिवूडचा नट ब्रूस विलिसच्या घरच्यांनी २०२२मध्ये वाचादोष सांगितला, २०२३मध्ये हे नाव सांगितलं.

इंग्लंडमध्ये सगळं वेळेवर होतं असं समजू नका. माझ्या शेजारणीला याच आजारात दोन वर्षं नैराश्याच्या गोळ्या दिल्या. निदान झाल्यावर मात्र व्यवस्था हलली: गाडी चालवण्याबाबत कळवणं सक्तीचं, आणि सांभाळणाऱ्या नवऱ्याला काय मदत लागेल याचीही विचारपूस. पण शेजारीण आधी कशी होती, हे गल्लीत कोणालाच माहीत नव्हतं. जिभाऊंना अख्खा वाडा लहानपणापासून ओळखतो. बदल सगळ्यात आधी आपल्याच लोकांना दिसतो, आणि आपलेच लोक त्याला बाहेरची बाधा, पैशाची घमेंड, वाईट संगत म्हणून मोकळे होतात. याचा मला फार त्रास होतो.

"नाव लागलं तर पोरींची लग्नं अडतील," हेही ऐकलं. काही घराण्यांत हा आजार आनुवंशिक असतो, हे खरं. म्हणून तर लपवू नये. बरं करणारं औषध आज नाही. अल्झायमरच्या गोळ्या इथे उपयोगी पडत नाहीत, उलट काहींची चिडचिड वाढते. तरी निदान हवं. सारासार विचार सुटलेला माणूस सातबाऱ्याच्या कागदावर कुठेही सही करून देतो. आणि निदान झालं की घरातलं रोजचं रागावणं तरी थांबतं.

जळगावला मेंदूविकारतज्ज्ञांकडे जायचं ठरलं, तेव्हा मी मोठीमायला, म्हणजे जिभाऊंच्या बायकोला, फोनवर एवढंच सांगितलं: काय बदललं आणि कधीपासून, ते लिहून ने. तिने केळीच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर लिहिलं. फोटो पाठवलाय. शेवटची ओळ: "आखाजीला लेक आली. ओळखलं. नाव घेतलं. ये म्हणाले नाहीत."