पैसा सातारचा, पैसा सौदीचा

परवा फोंड्याच्या बाजारात चहा घेताना परदेशी पैशातून उभ्या राहणाऱ्या प्रार्थनास्थळांवरून वाद झाला. "पैसा बाहेरचा म्हणजे हुकूमही बाहेरचाच," एकजण ठासून म्हणाला. मला ते पटलं नाही. चाळीस वर्षं मी ड्राफ्ट्समन होतो. इमारत मला आधी नकाशात दिसते, वर्गणीच्या वहीत नंतर.

इस्लामाबादची फैसल मशीद बघा. पैसा सौदी अरेबियाचा, नाव तिथल्या राजाचं. पण 1969 साली तिच्या आराखड्यासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली आणि जिंकला वेदात दालोकाय हा तुर्की वास्तुविशारद. त्यानं घुमटच काढून टाकला! मार्गल्ला डोंगरांच्या पायथ्याशी वाळवंटातल्या भटक्या बेदुइनांच्या तंबूसारखा काँक्रीटचा आठ बाजूंचा मंडप, चार कोपऱ्यांना टोकदार पेन्सिलीसारखे मिनार. 1976 मध्ये काम सुरू झालं, 1986 मध्ये संपलं. घुमट नाही म्हणून जुन्या वळणाचे लोक नाराजही झाले. याच दालोकायचा अंकाऱ्यातल्या कोजातेपे मशिदीचा आधुनिक आराखडा आधी निवडला गेला होता. पाया घातला, तो उखडला, आणि त्या जागी उस्मानी घाटाची घुमटवाली मशीद बांधली. स्वतःच्या देशानं नाकारलेलं धाडस त्याला परक्या मुलखात, तिसऱ्याच देशाच्या पैशावर करता आलं. मला हे फार मोठं वाटतं.

आणि आपण गोंयकारांनी बाहेरच्या पैशाला नाक का मुरडावं? कवळ्याची शांतादुर्गा आपली म्हणता ना? ते देऊळ 1738 च्या सुमारास उभं राहिलं ते सातारच्या शाहू महाराजांचे मंत्री नारो राम यांच्या पुढाकारानं. फोंड्याची साफा मशीद 1560 ची, विजापूरच्या आदिलशाहीची. पण चिरा इथलाच.

भीती अगदीच खोटी आहे असं मी म्हणत नाही. पैशाबरोबर शिकवणही येऊ शकते. फैसल मशिदीच्या आवारातच इस्लामी विद्यापीठ वाढलं. तिथे शंका घ्या, जरूर घ्या. वर्गात काय शिकवतात, कारभार कोण बघतो, हिशेब उघडा आहे का, हे विचारा. देवळाच्या कमिटीलाही हेच विचारा. पण भिंतीकडे बोट दाखवून "परकी" म्हणू नका.

वाद तुटला तसा मी साफा मशिदीच्या तळीवर जाऊन बसलो. पाण्यालगतच्या कमानी अजून रेखीव आहेत. लहानपणी मी हातानं काढलेली पहिली कमान तीच.